दावा कोल्हापुरात की बर्मिंगहॅममध्ये?

पत्र: शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. पंपांची कास्टिंग्ज 2016 पासून बर्मिंगहॅमजवळच्या एका कंपनीला पाठवतो. 2021 मध्ये त्यांनी उधारीची मर्यादा वाढवून मागितली, तेव्हा त्यांच्या मालमत्तेवर आमचा बोजा ठेवायचं ठरलं. तिथल्याच एका सॉलिसिटर, म्हणजे वकिलांच्या, फर्मला 4,200 पौंड देऊन कागद करून घेतले, 14 जून 2021 ला सह्या झाल्या. फेब्रुवारी 2025 मध्ये ती कंपनी लिक्विडेशनमध्ये, म्हणजे गुंडाळायला, गेली. लिक्विडेटरचं पत्र आलं की तुमचा बोजा नोंदवलेलाच नाही, तुम्ही विनातारण धनको आहात. आमचे 2,80,000 पौंड अडकलेत. इथले वकील म्हणतात, सही इथं झाली, फी इथून गेली, तेव्हा सॉलिसिटरवर कोल्हापुरातच दावा लावू. पुण्याचे वकील म्हणतात, इंग्लंडलाच जावं लागेल. मेव्हणे म्हणतात, ग्राहक आयोगात जा, खर्च कमी. फर्मच्या पत्रामागे 14 पानांच्या अटी होत्या, त्या आम्ही वाचल्या नव्हत्या. नेमकं कुठं जायचं?
– एक उद्योजक, कोल्हापूर

उत्तर: इंग्लंडला. कोल्हापूरचं कोर्ट तुमचा दावा कदाचित दाखल करून घेईलही, पण तिथला हुकूमनामा बर्मिंगहॅममध्ये वसूल होणार नाही. मुदतीची अडचण तर त्याच्याही आधी आडवी येते. कारणं नीट सांगतो, कारण एवढ्या रकमेचा निर्णय कुणाच्या नुसत्या शब्दावर घेऊ नये, आमच्याही नाही.

आधी चूक काय झाली ते बघू, कारण अधिकारक्षेत्राचा सगळा हिशेब तिथूनच सुरू होतो. बँक शेतीवर कर्ज देते तेव्हा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढवून घेते. इंग्लंडमध्ये कंपनीच्या मालमत्तेवरचा बोजा ‘कंपनीज हाउस’ या निबंधक कार्यालयात चढवावा लागतो. तिथल्या 2006 च्या कंपनी कायद्याचं कलम 859ए त्यासाठी 21 दिवस देतं, बोजा निर्माण झाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. तुमच्या सह्या 14 जूनच्या, म्हणजे 15 जूनपासून मोजून 5 जुलै 2021 हा शेवटचा दिवस. तोवर नोंद झाली नाही, तर कलम 859एच प्रमाणे तो बोजा लिक्विडेटरविरुद्ध आणि इतर धनकोंविरुद्ध निरर्थक ठरतो. येणं शाबूत राहतं, तारण जातं. मुदत चुकल्यावरही कोर्टाकडून ती वाढवून घेता येते, पण कंपनी लिक्विडेशनमध्ये गेल्यावर ती वाट जवळपास बंद होते. मधल्या साडेतीन वर्षांत फर्मनं एकदा जरी नोंदवही उघडून बघितली असती, तरी चूक सुधारता आली असती. हा मुद्दा दाव्यात ठळक मांडा.

नोंदवही तुम्हीही बघू शकता, फुकट. कंपनीज हाउसच्या संकेतस्थळावर खरेदीदार कंपनीचं नाव टाका, ‘चार्जेस’ हा टॅब उघडा. तुमचं नाव नसेल. दुसऱ्या कुणाचं, विशेषतः बँकेचं आहे का, ते टिपून घ्या, तारखेसह. त्या पानाची प्रत काढून ठेवा. ती पुढे लागणार आहे.

आता कोल्हापूर. तुमच्या वकिलांचं म्हणणं निराधार नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 20 प्रमाणे प्रतिवादी जिथं राहतो किंवा धंदा करतो तिथं दावा लावता येतो, तसाच वादकारणाचा, म्हणजे ज्या घटनांमुळे दावा उभा राहतो त्यांचा, एखादा भाग जिथं घडला तिथंही. करार कुठं झाला, पैसे कुठून गेले, काम कुठं व्हायचं होतं, या सगळ्या गोष्टी वादकारणाचे भाग मानल्या जातात. तुम्ही इथून सही करून ईमेल पाठवला, इथल्या बँकेतून फी भरली, सल्ला इथं वाचला. एवढ्यावर कोल्हापुरातल्या कमर्शियल कोर्टात दावा मांडता येईल. तिथंही आधी कमर्शियल कोर्ट्स कायद्याच्या कलम 12ए ची मध्यस्थी करावी लागते. तातडीचा मनाई हुकूम मागत नसाल तर ती टाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये पक्कं केलं आहे.

अडचण सुरू होते त्या 14 पानांत. ती आज रात्री काढा आणि शेवटून वाचायला सुरुवात करा, कारण हे कलम बहुतेक वेळा शेवटच्या दोन पानांत असतं. दोन वाक्यं शोधा: या कराराला इंग्लंड आणि वेल्सचा कायदा लागू राहील, आणि वाद झाल्यास इंग्लंड आणि वेल्सच्या न्यायालयांना ‘एक्स्क्लुझिव्ह’, म्हणजे फक्त त्यांनाच, अधिकार राहील. ‘नॉन-एक्स्क्लुझिव्ह’ लिहिलं असेल तर चित्र थोडं बदलतं. काही फर्म्स एकतर्फी कलमही घालतात: तुम्ही फक्त इंग्लंडमध्ये यायचं, त्यांनी मात्र फी वसूल करायला कुठंही जायचं. नेमके शब्द जसेच्या तसे वकिलांना दाखवा, सारांश सांगू नका. आणि ‘अटी वाचल्या नव्हत्या’ यावर फारसं विसंबू नका. सही केलेल्या पत्रात ‘सोबतच्या अटी मान्य’ असं वाक्य असेल आणि अटी त्याच ईमेलला जोडलेल्या असतील, तर त्या लागू होतातच. जोडलेल्याच नव्हत्या असं असेल तर तो खरा मुद्दा आहे. मूळ ईमेल जोडपत्रांसकट जपा, फॉरवर्ड केलेली प्रत पुरणार नाही.

कलम फक्त इंग्लंडचंच निघालं, तर इथलं कोर्टही तुम्हाला बहुधा त्याच्याशी बांधून ठेवेल. सर्वोच्च न्यायालयानं 1989 च्या एबीसी लॅमिनार्ट प्रकरणात सांगितलं की ज्या कोर्टाला मुळात अधिकार नाही त्याला करारानं अधिकार देता येत नाही, पण अधिकार असलेल्या कोर्टांपैकी एक पक्षकार निवडू शकतात. 2013 च्या स्वस्तिक गॅसेस प्रकरणात पुढे म्हटलं की ‘फक्त’ हा शब्द नसला तरी निवडीचा हेतू दिसणं पुरेसं आहे. परदेशी कोर्टाच्या बाबतीत 2003 चा मोदी एंटरटेनमेंट निकाल महत्त्वाचा. परक्या कोर्टाची निवड डोळे उघडे ठेवून केली असेल, तर केवळ गैरसोय होते म्हणून त्यातून सुटका नाही, असा त्याचा रोख आहे. शिवाय फर्म इंग्लंडच्या हायकोर्टात जाऊन तुमच्याविरुद्धच मनाई हुकूम मागू शकते, की कोल्हापूरचा दावा पुढे चालवू नका. मग मूळ भांडण राहतं बाजूला, आणि तुमचे पैसे दोन देशांत ‘कुठं भांडायचं’ यावरच खर्च होतात.

समजा यातलं काहीच झालं नाही. फर्म कोल्हापुरात हजरच झाली नाही, एकतर्फी हुकूमनामा तुमच्या हातात आला. मग काय? फर्मची मालमत्ता, बँक खातं, विमा, सगळं तिकडे. भारताचा हुकूमनामा इंग्लंडमध्ये 1933 च्या परदेशी निवाडे कायद्याखाली 6 वर्षांच्या आत नोंदवता येतो, हे खरं आहे आणि बरेच वकील इथंच थांबतात. पण त्याच कायद्याचं कलम 4 वाचा. मूळ कोर्टाला अधिकार होता का, हे इंग्लंड स्वतःच्या कसोटीवर तपासतं: प्रतिवादी स्वखुशीनं हजर झाला होता का, त्यानं आधी तसं मान्य केलं होतं का, त्याचं वास्तव्य किंवा मुख्य व्यवसाय भारतात होता का, किंवा हा व्यवहार त्याच्या भारतातल्या कचेरीतून झाला होता का. ‘वादकारणाचा भाग कोल्हापुरात घडला’ ही कसोटी त्या यादीत नाहीच. जी गोष्ट तुम्हाला कोल्हापूरच्या कोर्टाचं दार उघडून देते, तीच बर्मिंगहॅममध्ये शून्य किमतीची ठरते.

त्यावर 1982 च्या सिव्हिल ज्युरिस्डिक्शन अँड जजमेंट्स अ‍ॅक्टचं कलम 32 म्हणतं की अधिकारक्षेत्राचा करार मोडून मिळवलेला परदेशी निवाडा मान्य करायचा नाही. कलम 33 म्हणतं की केवळ अधिकारक्षेत्राला हरकत घ्यायला हजर राहणं म्हणजे शरण जाणं नव्हे. म्हणजे फर्मचे वकील कोल्हापुरात येऊन हरकत नोंदवून निघून जातील, आणि पुढे तिकडे ती हजेरी तुम्हाला त्यांच्याविरुद्ध वापरताही येणार नाही.

फर्मच्या संकेतस्थळावर ‘मुंबई’ असं दिसत असेल, तर ती कचेरी नेमकी कुणाची ते तपासा. वेगळ्या नावाची संलग्न संस्था असेल तर उपयोग नाही. त्याच फर्मची कचेरी असली तरी तुमचं काम तिच्यामार्फत झालेलं हवं.

आता मुदत. आमच्या मते कोल्हापूरचा विचार इथंच संपतो. भारताच्या 1963 च्या मुदत कायद्यात करारभंगासाठी अनुच्छेद 55 प्रमाणे 3 वर्षं आहेत. परदेशात झालेल्या करारावरचा दावा इथं लावला तरी कलम 11 प्रमाणे मुदत इथलीच लागते. भंग झाला 5 जुलै 2021 ला, म्हणजे ही मुदत जुलै 2024 मध्येच संपली. तुम्हाला चूक कळली त्याच्याही सात महिने आधी. निष्काळजीपणाचा दावा नुकसान झाल्यापासून मोजावा, असा युक्तिवाद करता येईल, पण पहिल्याच तारखेला प्रतिवादी मुदतीची हरकत घेईल आणि तुम्ही बचावात जाल.

इंग्लंडमध्ये 1980 च्या लिमिटेशन अ‍ॅक्टप्रमाणे करारभंगाला 6 वर्षं आहेत, म्हणजे जुलै 2027 च्या सुरुवातीपर्यंत. करारभंग याहून आधी झाला असं प्रतिवादी म्हणू शकतो, म्हणून तुम्ही सह्यांच्या तारखेपासूनच मोजा आणि 14 जून 2027 हीच शेवटची तारीख धरा. निष्काळजीपणाच्या दाव्याला कलम 14ए चा वेगळा आधार आहे: चूक कळल्यापासून 3 वर्षं, कमाल 15. त्या हिशेबानं फेब्रुवारी 2028 पर्यंत वाव दिसतो, पण तो करारभंगाला लागू होत नाही, आणि ‘कधी कळलं’ यावर वाद होतोच. त्याला राखीव मार्ग समजा, त्याच्या भरवशावर जून 2027 ओलांडू नका.

मेव्हण्यांच्या सूचनेबद्दल थोडक्यात. 14 मे 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. तुमची सेवा तर शिवाय व्यापारी कामासाठी घेतलेली. ती वाट सोडा. इंग्लंडमधला लीगल ऑम्बड्समन, म्हणजे वकिलांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी, तोही तुमच्या उपयोगाचा नाही. तो व्यक्ती आणि दहापेक्षा कमी माणसांच्या छोट्या धंद्यांसाठी आहे, आणि त्याची भरपाई 50,000 पौंडांवर थांबते.

मग प्रत्यक्षात करायचं काय?

इंग्लंडमधली दुसरी सॉलिसिटर फर्म नेमा, जी सॉलिसिटरांविरुद्धचे दावे नेहमी चालवते. प्रतिवादी फर्मच्या पत्राच्या तळाशी तिचा एसआरए (सॉलिसिटरांची नियामक संस्था) क्रमांक असेल. तो या नव्या वकिलांना पहिल्याच ईमेलमध्ये द्या. तिथल्या प्रत्येक सॉलिसिटर फर्मला व्यावसायिक दायित्वाचा विमा सक्तीचा आहे. मर्यादित कंपनी किंवा एलएलपी असेल तर प्रत्येक दाव्यामागे किमान 30 लाख पौंड, इतरांना 20 लाख. फर्म मधल्या काळात बंद झाली असली तरी 6 वर्षांचं पश्चात संरक्षण असतं. तुमची रक्कम या मर्यादेत आरामात बसते. पैसे जिथून येणार आहेत ती जागा हीच, आणि विमा कंपनी इंग्लंडच्या कोर्टाचा निवाडा किंवा तडजोड बघते. कोल्हापूरच्या हुकूमनाम्यावरून ती बाहेर येणार नाही.

कोर्टाआधी व्यावसायिक निष्काळजीपणाच्या ‘प्री-अ‍ॅक्शन प्रोटोकॉल’प्रमाणे दाव्याचं पत्र जातं. 21 दिवसांत पोच, त्यानंतर चौकशीला 3 महिने. विमा कंपनीचे वकील बहुधा इथंच पुढे येतात आणि तडजोडीची खरी बोलणी याच टप्प्यावर होतात. मुदत जवळ आली असेल तर दोन्ही बाजूंनी ‘स्टँडस्टिल’ करार करून घड्याळ थांबवता येतं. मात्र तो सहीनिशी हवा. फोनवर ‘चालेल’ म्हणालेलं धरू नका. समोरचा सही करत नसेल, तर क्लेम फॉर्म, म्हणजे कोर्टातला दाव्याचा अर्ज, दाखल करून टाका. दाखल केला की मुदत वाचते, आणि इंग्लंडमधल्या प्रतिवादीला तो बजावायला 4 महिने मिळतात. रक्कम 1,00,000 पौंडांच्या वर असल्यानं हायकोर्टात जाता येतं, आणि त्यासाठी लंडनला जायची गरज नाही. बर्मिंगहॅममध्येच हायकोर्टाची बिझनेस अँड प्रॉपर्टी कोर्ट्स बसतात. प्रतिवादी तिथलाच असल्यामुळे परदेशात बजावणीची परवानगी, हेग कन्व्हेन्शन या आंतरराष्ट्रीय करारामधून महिनोन्‌महिने चालणारी समन्सची फेरी, यातलं काही लागत नाही.

पैशाची बाजू स्पष्ट सांगतो, कारण इथं बरेच उद्योजक दचकतात. 2,00,000 पौंडांवरच्या दाव्याला कोर्ट फी 10,000 पौंड. हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा, ही तिथली रीत. तुम्ही भारतात राहता आणि भारत संबंधित हेग करारांत नाही, म्हणून प्रतिवादी कोर्टाला विनंती करू शकतो की वादीनं आमच्या खर्चापोटी आधी रक्कम जमा करावी. कोर्ट ती मान्य करू शकतं. म्हणून वकील नेमतानाच तीन गोष्टी लेखी विचारा: जिंकल्यासच फी घेण्याची व्यवस्था होईल का, हरल्यास समोरच्याच्या खर्चाचा विमा मिळेल का, आणि आधी जमा करायच्या त्या रकमेऐवजी ती पॉलिसी चालेल का.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग: नुकसान किती? ‘2,80,000 पौंड अडकले, म्हणून 2,80,000 मिळतील’ असं नाही. बोजा वेळेत नोंदवला असता तर तुमच्या हातात किती आलं असतं, तेवढंच नुकसान. म्हणून चार्जेसचा तो टॅब महत्त्वाचा. बँकेचा बोजा आधीचा असेल तर ती रांगेत तुमच्या पुढे. तुमचा बोजा यंत्रांवर पक्का होता की मालसाठ्यावर आणि येण्यांवर तरंगता, म्हणजे रोज बदलणाऱ्या मालमत्तेवरचा, हेही बघा. तरंगत्या बोजावाल्याच्या आधी कामगारांची काही देणी, 1 डिसेंबर 2020 पासून तिथल्या करखात्याचे काही कर, आणि विनातारण धनकोंसाठी बाजूला काढायचा हिस्सा हे सगळं फेडावं लागतं. कंपनीचं मालमत्ता-देणी विवरण कंपनीज हाउसवर चढलेलं असतं. त्यातली यंत्रांची आणि साठ्याची किंमत घेऊन हा हिशेब तुमच्या सीएकडून मांडून घ्या. तो दोन पानांचा तक्ता नव्या वकिलांना पहिल्या बैठकीतच दिलात, तर दावा लढण्याजोगा आहे की नाही हे तिथंच कळेल. दरम्यान लिक्विडेटरकडे विनातारण धनको म्हणून येण्याचा दावा जरूर दाखल करा. तो न करणं म्हणजे तुम्ही स्वतःच नुकसान वाढवलंत, असं प्रतिवादी म्हणेल. तिथून जे मिळेल ते या दाव्यातून वजा होईल.

ईसीजीसी या निर्यात-उधारीचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीची पॉलिसी होती का, ते पत्रात नाही. असेल आणि भरपाई घेतली असेल, तर वसुलीत त्यांचाही हक्क असतो. दाव्याचं पत्र पाठवण्याआधी त्यांना कळवा. बँकेतल्या उघड्या निर्यात बिलांची नोंद बघणाऱ्या अधिकाऱ्यालाही या कारवाईची प्रत द्या, कारण ती रक्कम का आली नाही याचा हा कागदी पुरावा आहे.

साक्षीबद्दल तुमच्यासारख्यांना फारसं माहीत नसलेली एक गोष्ट. इंग्लंडच्या नियमांप्रमाणे साक्षीदाराचं निवेदन त्याच्या स्वतःच्या भाषेत हवं. तुमचे भागीदार मराठीत विचार करत असतील, तर त्यांनी मराठीतच लिहावं, स्वतःच्या शब्दांत. त्यासोबत इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रमाणपत्र जातं. दुसऱ्यानं लिहिलेल्या सफाईदार इंग्रजीवर सही केली, की उलटतपासणीत पहिल्या पाच मिनिटांत ते उघडं पडतं.

अशाच अडचणीत असलेल्या इतर वाचकांसाठी: हे उत्तर जसंच्या तसं उचलू नका. प्रतिवादीची मालमत्ता भारतात असेल तर हिशेब उलटतो. इंग्लंडच्या वरिष्ठ कोर्टाचा पैशाचा हुकूमनामा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44ए खाली इथल्या जिल्हा न्यायालयात थेट दरखास्त लावून वसूल करता येतो, कलम 13 मधल्या हरकतींच्या अधीन राहून. संयुक्त अरब अमिरातींना 17 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेनं हाच दर्जा मिळाला. अमेरिकेला तो नाही. तिथला निवाडा घेऊन इथं नव्यानं दावा लावावा लागतो, निवाड्यापासून 3 वर्षांच्या आत.

तुम्ही या आठवड्यात एवढं करा: त्या 14 पानांचं स्कॅन, सह्यांच्या दिवसाचे ईमेल जोडपत्रांसकट, फी भरल्याची स्विफ्ट प्रत, फर्मचं ‘काम पूर्ण झालं’ असं सांगणारं शेवटचं पत्र आणि लिक्विडेटरचं पत्र एका फोल्डरमध्ये, तारखेच्या क्रमानं. त्या फोल्डरच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 14 जून 2027 लिहा. आणि बर्मिंगहॅमच्या त्या जुन्या फर्मला स्वतःहून कोणताही ईमेल पाठवू नका. रागाच्या भरात लिहिलेलं एक वाक्य, ‘आम्हाला हे 2022 पासूनच संशयास्पद वाटत होतं’ अशा थाटाचं, कलम 14ए चा तुमचा राखीव मार्ग बंद करून टाकेल.